फुकटच्या गेमचा मालक

जळगावात गोलाणी मार्केटच्या जिन्यात नाहीतर रिंगरोडच्या टपरीवर हा हमखास भेटतो. मान खाली, दोन्ही अंगठे मोबाइलवर आणि तोंडी एकच वाक्य : "पार वाट लावली भो गेमची!" कोणाच्या गेमची? ह्याच्या. बीजीएमआय हा गेम आपला आहे, असा कोरियातल्या क्राफ्टन कंपनीचा एक गैरसमज आहे. भाऊने त्यात आजवर रुपया घातलेला नाही; पण मालकीला पैसे कशाला लागतात?

नवा नकाशा आला, की जुना एरँगलच बरा होता. जुनाच राहिला, की कंपनी झोपली का? बंदूक फार उधळते म्हणून आरडाओरडा, तिला वेसण घातली, की "आता पिचकारी केली हिची." जिंकला तर स्वतःमुळे, हरला तर सर्व्हरमुळे. घरातल्या त्याच वायफायवर धाकटा क्रिकेट, बहीण रील आणि आजी कीर्तन पाहत असते, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

२०२० चा अख्खा ऑगस्ट तो म्हणत होता, "असला गेम बंद पडलेला बरा." २ सप्टेंबरला सरकारने पब्जीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. सरकारने आपलं ऐकलं म्हणून खूश व्हावं की नाही? भाऊ रात्री जेवला नाही. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन आला, वर्षभराने गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दर खेपेला याने रात्र जागून तो उतरवून घेतला आणि सकाळी एक तारा दिला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही नेटाने पुरा केलेला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली पोरगी दुर्गेचं त्रिशूळ घेऊन असुरांशी भिडते. मला तो फार देखणा वाटतो. भाऊने दुसऱ्याला खेळताना यूट्यूबवर पाहिलं आणि निकाल दिला : "लहान आहे. चुकले ते लोक." 'मला नाही रुचला' एवढ्यावर भागलं असतं, पण ते वाक्य त्याच्याकडे नाहीच. आई लुडो किंग खेळते, त्याला तर तो गेमच मानत नाही. "मग तू नको खेळू," म्हणत माउली फासा टाकते.

परवाच्या थंडीत त्याच्या शेतात भरिताची पार्टी होती. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ, हिरव्या मिरचीचा ठसका. पुण्याहून आलेला मावसभाऊ डोळे पुसत म्हणाला, "तिखट जरा कमी करा की. आणि थोडा टोमॅटो?"

भाऊचे अंगठे प्रथमच थांबले. "पाह्य भो, भरीत असंच राहतं. तुला नाही झेपत ना, तू दही-पोळी खा. कोणी जबरदस्ती केली?"

मावसभावाने मुकाट दही घेतलं. भाऊ पुन्हा मोबाइलकडे वळला आणि उसळलाच : जीटीए सहा परत लांबवला, १९ नोव्हेंबर २०२६! "आम्हाला काय समजतात हे? तोवर करायचं काय आम्ही?"

तो गेम सुरुवातीला ज्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर येणार आहे, त्यातलं एकही त्याच्या घरी नाही. घेण्याचा विचारही नाही, "महाग करून ठेवलेत साल्यांनी."