वखारीतला निवेदक

निपाणीत माणूस एक तर तंबाखूत असतो, नाही तर तंबाखूतून बाहेर पडायच्या बेतात असतो. आमच्या शेजारचा पोरगा दुसऱ्या जातीचा. आजोबांनी तंबाखू विकली, बापानं त्याच वखारीत दुसऱ्यांची पोती ठेवून भाडं खाल्लं आणि चिरंजीव आता तिथंच कोपऱ्यात गोणपाटं टांगून, मधे माईक ठेवून बसलेत. मोबाईलवर खेळायचं, खेळताना बोलायचं आणि लोकांनी ते बघत बसायचं, असा धंदा. "काका, ह्याला गेमप्ले कॉमेंटरी म्हणत्यात." मी मान हलवली. आमच्या वेळी ह्याला बाकावर उभं करत.

गोणपाटानं आवाज घुमत नाही हे खरं. पण वखार म्हटली की खकाणा आलाच. 'नमस्कार मित्रांनो' पुरं व्हायच्या आत दोन शिंका. कधी काय बोलायचं ह्याची त्यानं वही घातलीय, तीत शिंकांचीही तजवीज आहे : 'सेकंद ३ – शिंक (कापणे).'

वही दोनशे पानी. रकाने चार : सेकंद, खेळात काय, तोंडात काय, चेहरा कसा. पहिले आठ सेकंद हूक. तिथं बघणारा अडकला नाही तर गेलाच. सतराव्या सेकंदाला 'अचानक हसू'. बेचाळीसला 'आश्चर्य (भुवया वर)'. हे अचानक हसू तो आरशासमोर तीन दिवस घासत होता. तिसऱ्या दिवशी आई मीठ-मोहऱ्या घेऊन आली.

हिशेब मात्र पक्का. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघणं लागतं. "म्हंजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. निपाणी साठ हजाराची धरली तर माणशी फक्त चार मिनिटं, काका!" तान्ही पोरंसुद्धा त्यानं धरली होती.

भाषेवर पंधरवडा गेला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद १९५६ पासून चालू आहे, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा. ह्यानं निकाल एका पानात लावला. नमस्कार मराठीत, खेळ हिंदीत, 'सबस्क्राईब माडरी' कन्नडमध्ये. राहिला प्रश्न बेळगाव लिहायचं की बेळगावी. "दोन्ही लिवतो. भांडतील. भांडान म्हंजे कमेंट, कमेंट म्हंजे रीच." इतक्या वर्षांत ह्या वादातून फायदा काढायची भाषा करणारा, निवडणुकीला उभा नसलेला, हा पहिलाच माणूस मी पाहिला. गोळी लागल्यावर तोंडातून जे बाहेर येतं ते मात्र अस्सल निपाणीचं, आणि ते कुठल्याच राज्यात आईबापांपुढं लावता येत नाही.

एकदा मी त्याला उरुसातल्या कुस्तीच्या मैदानात नेलं. म्हटलं, जोडी बघू नकोस, निवेदक ऐक. पैलवान माना धरून खडाखडी करत होते तोवर निवेदकानं दोघांचे वस्ताद, तालीम, मागची हार, इनामाचा आकडा, सगळं सांगून घेतलं. डोळ्यांना दिसतंय ते एकदाही सांगितलं नाही. डाव लागला आणि निवेदक गप्प. मैदानच ओरडलं. "कळलं का? तुझ्या त्या खेळातल्या बेटावर शंभर माणसं उतरतात, पहिली दहा मिनिटं बंदुका हुडकत फिरतात. ती खडाखडी. तेव्हा बोल. गोळ्या सुटल्या की तोंड मीट." त्याला एवढं पटलं, एवढं पटलं, की घरी येऊन त्यानं नवी वही घातली. पाचवा रकाना : 'गप्प'. किती सेकंद गप्प बसायचं तेही लिहून.

नशीब म्हणाल तर पोराचं वेगळंच. २०२० चा अख्खा लॉकडाऊन पबजीची वही लिहिण्यात गेला. शेवटचं पान भरलं आणि २ सप्टेंबरला केंद्रानं पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. मग फ्री फायर धरला. रकाने भरत आले, १४ फेब्रुवारी २०२२ ला तोही गेला. पबजीचा भारतीय अवतार, बीजीएमआय, हाताशी होता. त्याची वही पाच महिन्यांत उरकली, तर २८ जुलैला तो ॲपच्या दुकानातून गायब. दिल्लीत कुणी तरी ह्याच्या वहीवर डोळा ठेवून आहे, असं बापाचं ठाम मत. २०२३ च्या मे महिन्यात बीजीएमआय परत आला, तेव्हा मी म्हटलं, "जुनी वही काढ की." तर म्हणाला, "त्यातलं अचानक हसू आता जुनं झालं, काका."

आजवर चॅनेलवर तीन व्हिडिओ पडलेत. तिन्हींचं नाव एकच : 'लवकरच येत आहे'.

परवा वखारीत डोकावलो तर नवी वही चालू होती. म्हटलं, "आता कुठला?" म्हणाला, "लुडो." पहिली ऐंशी पानं भरलीत. ज्यांना लुडो खेळायचा असेल त्यांनी आत्ताच खेळून घ्यावा.