तोरणाखालची सौंदर्यमीमांसा

कलेची व्याख्या करण्याचा उद्योग युरोपात कित्येक शतके चालू असला, तरी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावे हा प्रश्न दरवर्षी श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत निकालात काढतात. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 साली असे प्रतिपादन केले की सौंदर्याचा आस्वाद निर्हेतुक असतो, म्हणजे समोरच्या वस्तूकडून काही काम करून घ्यावे असे पाहणाऱ्याच्या मनात नसते. ही कसोटी लावली तर वर्षभर डवऱ्याला, वखराला आणि बंडीला जुंपलेला बैल, ज्या एका दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही असा दंडक आहे त्याच दिवशी कलाकृती ठरतो. (कांटने आपला प्रांत कधी सोडला नाही, त्यामुळे त्याचा पोळा हुकला.)

मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने 1917 साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे चिनी मातीची मुतारी ‘आर. मट’ अशी सही करून पाठवली, तेव्हा त्यानेही हेच केले होते: कामाच्या वस्तूला कामावरून काढले आणि तिच्यावर नाव घातले. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडायची असा तिथला नियम असूनही ती मुतारी मांडली गेली नाही; पोळ्यात मात्र पाठीवर मालकाचे नाव किंवा कापसाच्या भावाची मागणी रंगवलेली जोडी कोणी परत पाठवल्याचे ऐकिवात नाही.

कवी आणि सौंदर्यमीमांसक बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी लय मानली आणि तिचे संवाद, विरोध व समतोल असे प्रकार सांगितले. त्यानुसार सारख्या अंगाचे दोन बैल हा संवाद, एक शिंग लाल तर दुसरे हिरवे हा विरोध, आणि मोठ्या मुलाने आणलेली झूल व धाकट्याने आणलेले बाशिंग ही दोन्ही एकाच बैलावर चढवणे हा घरातला समतोल होय. संस्थावादी मत, म्हणजे कलाविश्वाने कलाकृती म्हणून पुढे केलेली वस्तू ती कला, हेही इथे लागू पडते, कारण गोठ्यातला बैल हा बैलच असतो आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभा राहिला की त्याच्यावर चर्चा होते. या चर्चेचे पद्यरूप म्हणजे झडती. ती मोठ्या आवाजात म्हटली जाते, तिच्यात कोणाला तरी कोपरखळी असते आणि बैलाविषयी अनेकदा काहीच नसते, यावरून तिला समीक्षा मानण्यास प्रत्यवाय नाही.

खुद्द कलाकृतीचे मत विचारात घेण्याची प्रथा सौंदर्यशास्त्रात नाही. ती असती, तर शिंगांच्या बेगडीकडे ढुंकूनही न पाहता मान उंचावून तोरणाची पाने ओढणाऱ्या बैलाचा वेगळा अध्याय लिहावा लागला असता.

ज्यांच्या घरी बैल नाहीत ते शहरातल्या बाजारातून मातीची जोडी आणून पुजतात. ती कधीच जुंपली जात नसल्यामुळे कांटच्या हिशेबाने खऱ्या बैलापेक्षा वरचढ ठरते, तरीही तिच्यासाठी घासाघीस होते. आणि पोळ्याची कर सरली की खरा बैल रंगीत शिंगांनिशी पुन्हा डवऱ्याला लागतो.