कुठलं सँ-मार्तँ?

फ्रान्समध्ये स्टेशनांच्या पाट्या वाचत निघालं की वाटतं, हा देश सरकार नव्हे, संतमंडळीच चालवत असावीत. पाटी आली की आधी ‘सँ’, मग संताचं नाव.

तिकीटखिडकीवर नुसतं ‘सँ-मार्तँ’ म्हणून चालत नाही. बाई चष्म्यावरून बघतात. ‘‘कुठलं?’’ या नावाची गावं 200हून जास्त! म्हणून आपल्याकडे जसं वडगाव शेरी, वडगाव मावळ, तसं तिथे सँ-मार्तँ-द-रे, सँ-मार्तँ-व्हेझ्युबी. मार्तँ हा रोमन फौजेतला शिपाई. आमियँच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला म्हणतात. अर्ध्या झग्यात दोनशे गावं! पूर्ण दिला असता तर पॅरिसही गेलं असतं.

पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी. या दनीबुवांचा माँमार्त्रच्या टेकडीवर शिरच्छेद झाला. आख्यायिका अशी की, बुवा उठले, स्वतःचं मुंडकं हातात घेतलं आणि चालत थेट इथवर आले. पुढे फ्रान्सचे राजेही इथेच पुरले गेले. आता इथे यायला तेरा नंबरची मेट्रो आहे. तिची गर्दी पाहिली की बुवांचा मार्ग सोयीचा वाटतो.

सँ-त्रोपेला रेल्वेच नाही. सँ-राफाएलला उतरायचं, बस धरायची, वाटेत सँत-माक्सीम लागते. एका संताचं दर्शन घ्यायला दोन संतांचे उंबरठे! खुद्द त्रोपे मात्र सरळ आले. पिसा शहरात मुंडकं उडवल्यावर त्यांचं धड एक कुत्रा आणि एक कोंबडा सोबतीला देऊन नावेत सोडलं होतं, ती नाव इथे लागली, अशी कथा. आज या बंदरात कोट्यधीशांच्या नावा लागतात. कुत्री असतात, कोंबडा ताटात.

1793च्या सुमारास क्रांतिकारकांनी ही संतमंडळी पाट्यांवरून उतरवायला घेतली. सँ-दनीचं फ्रांसियाद झालं, सँ-मालोचं पोर-मालो. सँतेतियेनला बंदुका बनत, म्हणून तिथे ‘आर्म-व्हील’, म्हणजे शस्त्रनगर. नैर्ऋत्येला ‘सँत’ नावाचं एक शहर आहे. त्याचं नाव सांतोन या जुन्या गॉल टोळीवरून पडलेलं. त्यात संत औषधालाही नाही. पण क्रांतीच्या आवेशात चौकशी कोण करतो? त्याचीही पाटी बदलली.