लाल दिवा दिसूनही न थांबणाऱ्या महोदयांस

महोदय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते शोधायची गरजही नाही. पुण्यातल्या कुठल्याही चौकात सिग्नल लागला की तुम्ही असताच. कधी दुचाकीवर, कधी मोटारीत, कधी प्रवासी बसलेल्या रिक्षात. डावीकडे बघता, उजवीकडे बघता, चौकात मामा उभे नाहीत याची खात्री करता आणि निघता. पुढचा माणूस थांबलेला असेल तर हॉर्नवरचं बोट उचलत नाही. ‘चला ना काका, कोणी नाहीये!’ असं वर त्यालाच सुनावता.

कोणी नाही? अलका टॉकीजच्या चौकात या. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल, सगळ्यांची वाहनं तिथे एकत्र येतात. हातात पिशवी घेतलेली सत्तरीची एक बाई झेब्रा क्रॉसिंगवर उभी आहे. तुमचा दिवा लाल होतो, तिचा हिरवा होतो आणि ती पाऊल टाकते. रस्ता १८ मीटर रुंद धरू. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला १५ सेकंद पुरतात. गुडघे धरलेल्या या बाईला सेकंदाला ०.८ मीटर जमलं तरी पुष्कळ, म्हणजे तिला २२ सेकंदांहून जास्त वेळ हवा. आधीच तिला मिळालेला वेळ तुटपुंजा. त्यातलेही सुरुवातीचे चार-पाच सेकंद तुम्ही घेता, कारण तुम्हाला ‘एवढा एक सिग्नल’ काढायचा असतो. तो वेळ तुमचा नाही. तो तिचा आहे आणि तुम्ही तो रोज चोरता.

तुमच्या हातात गाडी चांगली आहे, ब्रेक वेळेवर लागतो, हेही मला माहीत आहे. तुम्ही ते सगळ्यांना सांगत असता. आता हिशेब ऐका. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी जराही मंदावलेली नसते आणि ११ मीटर पुढे आलेली असते. झेब्राच्या पट्ट्यांची लांबीसुद्धा याहून कमी असते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. म्हणूनच पायी चालणारे आणि वाहनं एकाच रस्त्यावर असतील तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही तर दिवा बदलताना दिसला की वेग वाढवता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ माणसं पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. दर सोळा मिनिटांना एक. हे सगळे मृत्यू सिग्नलवरचे नाहीत. पण पायी चालणाऱ्याला वाहनांपासून हक्काचं संरक्षण देणाऱ्या मोजक्या जागांपैकी सिग्नल ही एक, आणि तीही तुम्ही त्याच्याकडून हिसकावून घेतली आहे.

नियम तुम्हाला ठाऊक नाहीत असं मी मानत नाही. शिकाऊ परवाना काढताना याच दिव्यांवरचे प्रश्न सोडवून तुम्ही पास झालात. तरी पुन्हा सांगते, कारण रस्त्यावर तुम्ही प्रत्येक दिव्याचा उलटा अर्थ लावता. पिवळा दिवा गाडी दामटण्यासाठी नसतो. तो थांबायला सांगतो. अचानक ब्रेक मारणं धोक्याचं ठरेल इतके तुम्ही स्टॉप लाइनच्या जवळ पोचला असाल तरच पुढे जायचं. पिवळ्यानंतर थोडा वेळ सगळ्या बाजूंना लाल असतो, तो चौकात अडकलेली वाहनं बाहेर पडावीत म्हणून ठेवलेला असतो. तुम्ही पिवळाही खाता आणि हाही खाता. लाल दिव्याला स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं असतं, झेब्रावर चाक ठेवून नाही. डावीकडे वळायचं असलं तरी तशी पाटी किंवा हिरवा बाण नसेल तर थांबावंच लागतं. हिरवा लागला तरी झेब्रावर असलेल्या माणसाला आधी पलीकडे जाऊ द्यायचं आणि चौक तुंबलेला असेल तर त्यात घुसायचं नाही. रात्री पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जायचं. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबायचं आणि मगच निघायचं.

यावर तुमचं लाडकं उत्तर मला पाठ आहे: ‘आणि चालणारे कुठे नियम पाळतात?’ पुष्कळ जण पाळत नाहीत. पादचारी सिग्नलवर लाल माणूस दिसत असताना रस्त्यात उतरणं, दुभाजकाच्या कठड्यावरून उडी मारणं, कानाला फोन लावून वाहनांमधून वाट काढणं, हे सगळं चूक आहे आणि मी त्यांनाही सांगते. हिरवा माणूस लुकलुकायला लागला की नव्याने पाऊल टाकू नका, रस्त्यात असाल तर पार करून घ्या. लेकराचा हात धरा. चालणं झेब्रावरूनच. पण महोदय, दोन्ही चुका सारख्या तोलू नका. नियम मोडणारा पादचारी बहुतेक वेळा स्वतःचा जीव पणाला लावतो. तुम्ही दुसऱ्याचा लावता. आणि तो झेब्रा सोडून मधूनच का घुसतो, याचंही उत्तर तुमच्याकडेच आहे. हिरवा माणूस लागल्यावरही तुम्ही थांबत नाही, हे तो वर्षानुवर्षं बघतोय. सिग्नल पाळूनही जीव मुठीत धरायचा असेल तर सिग्नलपर्यंत चालत जायचं कशाला, असं त्याला वाटतं. त्याचा सिग्नलवरचा विश्वास तुम्ही घालवलात.

तुम्हाला वाटतं, सिग्नल वाहनांसाठी असतो आणि माणसं मध्ये येतात. इतिहास वेगळा आहे. डिसेंबर १८६८मध्ये लंडनला संसदेजवळ पहिला सिग्नल उभा राहिला. रेल्वेत काम करणारे जॉन पीक नाइट यांच्या कल्पनेतून आलेला तो दिवा गॅसवर चालायचा आणि पोलीस तो हाताने फिरवायचा. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी चालणाऱ्यांना सुखरूप रस्ता ओलांडता यावा, म्हणून तो लावला होता. मोटारी तेव्हा रस्त्यावर यायच्याच होत्या. आपल्याकडे २०२० साली मुंबईत दादर भागातल्या पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या जागी स्त्रीची आकृती झळकली आणि तिचं कौतुक झालं. चांगलंच झालं. पण आकृती कोणाचीही असो, ती हिरवी झाल्यावर तुम्ही थांबला नाहीत तर रस्ता ओलांडणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग?

कायद्यातही पळवाट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवणं म्हणून नाव घेऊन नोंदवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही मात्र नंबर प्लेट वाकवून ठेवता, आलेली ई-चलनं साठवता आणि लोक अदालतीत सवलत कधी मिळेल याची वाट बघता. दंड भरला की हिशेब मिटला असं तुम्ही समजता. ज्या बाईला तुम्ही झेब्रावरून मागे पळायला लावलंत, तिचा हिशेब त्या चलनात कुठे आहे?

तुमच्या स्कूटरवर पुढे उभा असलेला तुमचा मुलगाही सगळं बघतो. लाल म्हणजे थांबायचं, हे त्याला बालवाडीत शिकवलंय. पोलीस नसेल तर थांबायचं नाही, हे तुम्ही शिकवताय. आणखी दहा-बारा वर्षांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात येईल, तेव्हा ‘हळू जा रे’ म्हणायचा अधिकार तुम्हाला उरलेला नसेल.

तेव्हा मागणी एकच. उद्या सकाळी कामावर निघाल तेव्हा पहिल्या सिग्नलला स्टॉप लाइनच्या मागे थांबा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. झेब्रावरचा शेवटचा माणूस पलीकडे पोचेपर्यंत गाडी हलवू नका. रांगेतला पहिला थांबला की मागच्या दहा जणांना थांबावंच लागतं. त्यासाठी पोलीस लागत नाही, कॅमेरा लागत नाही. तो पहिला माणूस तुम्ही व्हा. तेवढंही जमत नसेल तर परवाना परत करा आणि आमच्याबरोबर पायी चाला.

पायी चालणारी एक पुणेकर