डॉक्टरांची गाडी

बंगळुरात जेवढे डॉक्टर आहेत, त्यापेक्षा डॉक्टरांनी वापरलेल्या जुन्या गाड्या जास्त आहेत. गाडी घ्यायची म्हणून आम्ही नवरा-बायको लागोपाठ चार रविवार हिंडलो, तर दर दुसरी गाडी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांचीच निघाली. सिंगल ओनर. डॉक्टर ती फक्त घर ते दवाखाना एवढीच चालवायचे, आणि दवाखाना बहुतेक वेळा घराखालीच असायचा.

इतक्या डॉक्टरांशी घरोबा असलेला माणूस म्हणजे सेकंडहँड गाड्यांचा डीलर. त्याला आपण 'सार' म्हणू. कारण तो आपल्याला सार म्हणतो, आणि या गावात ज्याचं नाव माहीत नाही तो प्रत्येक जण सारच असतो.

सारांचं दुकान म्हणजे दोन अपार्टमेंटांच्या मधला, भावाभावांची केस मिटेपर्यंत रिकामा पडलेला प्लॉट. वर पत्रे, खाली खडी, दारात लिंबू-मिरची. शाळा तपासायला साहेब यायच्या दिवशी मास्तर पोरं बसवतात, तशा गाड्या बसवलेल्या. हुशार पुढच्या रांगेत, उनाड मागे, आणि दोन-चार मुळात घरीच ठेवलेल्या. टायर काळ्या पॉलिशने असे चमकवलेले की त्यांच्यावरची वर्षं दिसू नयेत. टायरच्या कडेला मात्र चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते पॉलिशने पुसले जात नाहीत. मी वाकून ते वाचायला लागलो तसे सार म्हणाले, "कॉफी घ्या की."

सारांना पाच भाषा येतात आणि पाचही भाषांत ते आपलेच असतात. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाशी ते तमिळमध्ये असे बोलत होते की सेलमचेच वाटावेत. आमच्या तोंडून एक "अगं" निसटला मात्र, सारांनी बेळगाव काढलं.

"मराठी का ओ तुमी? मग आदी सांगायचं नाही का! माजी आज्जी निपाणीची. आपल्या माणसाला खोटं सांगून मी जाऊ कुठं?"

सार खोटं सांगत नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. ते शब्द बदलतात. अपघाताला ते 'मायनर टचअप' म्हणतात. 'कंपनी मेंटेन' म्हणजे गाडी एकदा कंपनीच्या दारावरून गेली होती. 'लेडी ड्रिव्हन' म्हणजे क्लच गेलाय. 'फॅमिली कार' म्हणजे मागच्या सीटवर पोराने केलेली उलटी धुऊनही गेलेली नाही. आणि 'डिमांडवाली गाडी' म्हणजे जी आठ महिन्यांपासून इथून हललेली नाही.

आम्हाला दाखवलेल्या गाडीचं वय दहा वर्षं आणि मीटरवर ३८ हजार. हिने क्लचच्या पेडलकडे बोट दाखवलं. त्यावरच्या रबराच्या रेषा पार झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"डॉक्टरांचा पाय जरा जड होता," सार म्हणाले.

बोनेटला हात लावला तर गरम. गाडी सकाळपासून जागची हलली नव्हती म्हणे. इंजिनाचा खरा खोकला ते थंड असतानाच कळतो, म्हणून सार गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याला शेकून ठेवतात. गाडी बघायला जावं ते न सांगता, आणि सकाळी लवकर, हा धडा मला त्या गरम पत्र्याने दिला.

मग मी पुराचा विषय काढला. सप्टेंबर २०२२मध्ये बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोडच्या बाजूला पाणी असं तुंबलं होतं की आयटीतली माणसं ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेली. लाखालाखांच्या गाड्या बेसमेंटमध्ये बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असतील असं समजायला माणूस फार भाबडा हवा. मी विचारलं, "ही पाण्यातली नाही ना?"

"छे ओ! डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राहायचे."

गाडी कुठे राहायची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. हिने तेवढ्यात सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरातल्या गाडीचा पट्टा मुळाशी मातकट निघतो, शिवाय सीटखालच्या रुळांना गंज चढलेला असतो. आमचा पट्टा स्वच्छ निघाला. सारांना आमच्यापेक्षा जास्त आनंद झाला. मला वाटतं, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

आमचं बजेट तीन लाख, हे ऐकून सार हसले. "तीन लाखात एके काळी अक्खं बंगळूर मिळत होतं!" हे मात्र खरं आहे. शहाजीराजांची ही जहागीर पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे आली. तंजावरहून इतक्या लांबचा कारभार परवडेना, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांत सौदा ठरवला. सौदा पुरा व्हायच्या आत १६८७मध्ये मोगलांच्या कासिम खानाने गाव घेतलं आणि ते म्हैसूरकरांना त्याच तीन लाखांत दिलं. मालक एक, ताबा दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे. बंगळुरातला हा सर्वांत गाजलेला सेकंडहँड व्यवहार, आणि त्यात आपल्या माणसाच्या हाती काही लागलं नाही. सारांना ही गोष्ट पाठ होती. तिचा बोध मात्र ते सांगत नव्हते.

इथवर सारांची रसवंती चालू होती. मी "कागदपत्रं?" म्हटलं आणि त्यांना एकदम फोन आला.

१ एप्रिल २०२३पासून असा नियम आहे की जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं. ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसं ऑनलाइन कळवायचं, आणि गाडी विकली जाईपर्यंत डीलरच तिचा मालक समजायचा. मधल्या काळात गाडीने काही उद्योग केला तर जबाबदारी त्याची. मी अधिकारपत्र विचारलं. सारांच्या मागच्या भिंतीवर तिरुपती, मंजुनाथ आणि येल्लम्मा होत्या. अधिकारपत्र रिन्यूअलला गेलं होतं.

"ट्रान्सफरचं आमच्यावर सोडा. सैन करा आणि गाडी न्या. तीन महिन्यांत घरपोच आरसी."

कायदा नव्या मालकाला तीस दिवस देतो, सार तीन महिने. या दिरंगाईचा फटका आधीच्या मालकालाही बसतो. एक गाडी अशीच नाव न बदलता हातोहात फिरली आणि तिने अपघात केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये निकाल दिला, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्या माथी. तेव्हा सारांच्या प्लॉटवरचे सगळे डॉक्टर, खरे असतील तर, अजून धोक्यात आहेत.

माझा चेहरा पाहून सारांनी मागच्या रांगेतली एक एमएच १२ काढली. "गावाकडची नंबरप्लेट बगा. पन्नास हजार कमी." प्लेट बघून मी क्षणभर हळवा झालो, हे कबूल करतो. पण बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी कर्नाटकात ठेवायची तर पुण्याच्या आरटीओची एनओसी, इथला नवा नंबर आणि इथला आजीव कर ओघाने आलाच. कर्नाटकाचा हा कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. गावच्या आठवणीवर इतका कर भरायची माझी ऐपत नव्हती.

शेवटी डॉक्टरांच्याच गाडीवर आलो. सार कॅल्क्युलेटर बडवत म्हणाले, "आणि वर जीएसटी, अठरा टक्के." आता हे अठरा टक्के डीलरच्या नफ्यावर असतात, गाडीच्या सगळ्या किमतीवर नव्हे. नफाच झाला नाही तर कर शून्य. आणि सार तर अर्ध्या तासापासून सांगत होते, की आपल्या माणसाला ते ही गाडी लॉसमध्ये देतायत. मी त्यांना तेवढीच आठवण करून दिली. सार प्रथमच माझ्याकडे आदराने बघायला लागले.

त्या आदराचा फायदा घेऊन हिने कोरा कागद पुढे केला. "बोललात ते सगळं लिहून द्या. अपघात नाही, पाणी नाही, मीटर खरं, जुने चलान तुमच्याकडे, सिंगल ओनर डॉक्टर."

सारांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग अपघाताचं आणि पाण्याचं लिहिलं, चलानाचं लिहिलं. मीटरपाशी हात थबकला आणि किंमत पंचवीस हजारांनी उतरली. 'डॉक्टर' शब्दाशी ते अडलेच.

"ते लिवायला कशाला? डॉक्टरच हाईत ओ. पीएचडी."

गाडी आम्ही घेतली, आणि ती बरी चालते. सारांशीही वैर नाही. दिवाळीला मेसेज येतो, 'आपल्या माणसांना' अशी सुरुवात असते. ज्याला शोरूमची गाडी परवडत नाही त्याला या पत्र्याच्या शेडखालीच यावं लागतं, आणि तिथे कॉफी खरोखर चांगली मिळते.

तुम्ही जाल तेव्हा तीही प्या, डॉक्टरांच्या गोष्टी ऐका, त्या फुकट आहेत. पैसे फक्त लिहून दिलेल्या गोष्टींचे द्या. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा त्याच्याकडेच राहतो, सार तो तुम्हाला भेट देऊ शकत नाहीत. आणि आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत थोडी रक्कम हाती ठेवा. व्यंकोजीराजांचं तर अख्खं बंगळूर गेलं. आपला सवाल एका वॅगन आरचा आहे.