हजेरीपटावरची मुंबई

आमचे मामा साताऱ्याकडील एका मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्यास आता बरीच वर्षे लोटली; तथापि कारकुनी त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेली नाही, आणि म्हणूनच गेल्या महिन्यात ‘मुंबई एकदा नीट तपासून घ्यावी’ असा संकल्प सोडून ते आमच्या बिऱ्हाडी दाखल झाले तेव्हा त्यांच्या पिशवीत कंदी पेढ्यांच्या पुड्याखाली तांबड्या कापडी बांधणीची एक लांबट वही होती व तिच्यात चार रकाने आखलेले होते: स्थळाचे नाव, नावाबरहुकूम वस्तू, हजर की गैरहजर, आणि शेरा. परगावचे पाहुणे मुंबई पाहावयास येतात. ही व्यक्ती मुंबईची हजेरी घ्यावयास आली होती.

आरंभ चर्चगेटपासून झाला. स्थानकाबाहेर उभे राहून मामांनी प्रथम चर्च मागितले आणि नंतर गेट. मी नम्रपणे निवेदन केले की, चर्च येथून चालत पंधरा मिनिटांवर असून ते १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमसचे देवालय होय. गेट हे कंपनी सरकारच्या किल्ल्याचे, त्या देवालयाच्या बाजूचे. आणि १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तटबंदी जमीनदोस्त करविली तेव्हा तटासमवेत गेटही गेले. “आणि हे स्थानक केव्हाचे?” “१८७० चे.” मामांनी वहीवरून मान वर केली. “म्हणजे याचे बारसे झाले तेव्हा ज्याचे नाव ठेवले तो आधीच कैलासवासी होता.” मी होकार दिला. तट पाडून मोकळ्या केलेल्या त्या भागास लोक हल्ली काय म्हणतात, असा त्यांनी पुढचा प्रश्न केला, आणि मी ‘फोर्ट’ असे उत्तर देताच त्यांनी टाक उचलावा तसे बॉलपेन उचलून शेरा मारला: ‘किल्ला फरार. नाव कामावर हजर.’

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे की, मामांच्या या शेऱ्यात तिरस्कार नव्हता, किंबहुना एक प्रकारचा घरोबा होता. ज्या कचेरीत त्यांनी उमेदवारीपासून पेन्शनीपर्यंतचे आयुष्य वेचले तेथेही खुर्चीच्या पाठीवर कोट टांगून ठेवून त्याचा धनी दिवसभर आपल्या शेताची कामे उरकून येई, आणि साहेबांनी विचारल्यास ‘आत्ताच उठले’ असे उत्तर देण्याची वहिवाट होती. मुंबईत त्यांना सर्वत्र कोटच टांगलेले दिसले.

दादरला तर खुद्द बसच्या वाहकाने साक्ष दिली. “टीटी उतरा, टीटी,” असा पुकारा होताच मामांनी त्यास टीटी म्हणजे काय ते विचारले. वाहकाने, गर्दीच्या वेळी असला प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्याकडे ज्या करुणेने पाहावे त्या करुणेने पाहून “टीटी म्हणजे टीटी” अशी व्याख्या केली व घंटी ओढली. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांनी ओढलेली, १९०७ पासून विजेवर धावू लागलेली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदराहून दादरपर्यंत अखेरची फेरी करून कायमची थांबलेली ती ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली तरी तिचे टर्मिनस रोज हजारो उतारूंना आपल्या पायावर उतरवून घेत आहे. मामांना या साऱ्या हकिकतीत एकच गोष्ट मनापासून पटली, आणि ती म्हणजे बंद करण्याची तारीख. “३१ मार्च,” ते समाधानाने म्हणाले, “हिशेबाचे वर्ष संपवून गेली. शिस्तीची बाई.”

पायधुणीस त्यांनी फार वेळ दिला नाही. बेटाबेटांमधून खाडीचे पाणी खेळत होते त्या काळी ओलांडून आलेला मनुष्य येथे पाय धुई, हे ऐकून त्यांनी कोरड्या डांबराकडे पाहिले व ‘पाणी गैरहजर’ असे लिहू लागले. परंतु जुलै महिन्यात अख्खे शहरच पायधुणी होते हे मी निदर्शनास आणताच त्यांनी ते खोडून ‘हंगामी’ असे केले.

गेट वे ऑफ इंडियापाशी मात्र त्यांनी बैठकच मारली. ज्या पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाप्रीत्यर्थ ही कमान आहे असे तिच्यावर कोरलेले आहे, तो बादशहा राणीसह पालवा बंदरावर उतरला २ डिसेंबर १९११ रोजी. कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ रोजी. आणि इमारत खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे पाहुणा येऊन, जेवून, परत जाऊन तेरा वर्षे झाल्यावर यजमानाने दारास तोरण लावले. पुढे पैका संपल्याने समोरून यावयाचा नियोजित रस्ता झालाच नाही व त्यामुळे कमान आजही रस्त्याशी तिरकी उभी आहे, हे कळल्यावर मामांचा कंठ दाटून आला. त्यांना आपल्या तालुक्यातील सारी बांधकामे एकामागून एक आठवली असावीत. ज्या कामी या दरवाजाचा सर्वांत संस्मरणीय उपयोग झाला तेही येण्याचे नव्हे, जाण्याचे: २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्या फौजेची शेवटची पलटण याच कमानीखालून चालत बोटीवर चढली. मामांनी बराच विचार करून लिहिले, ‘काम विलंबाने, परंतु अखेर योग्य कारणी लागले.’ एवढा अनुकूल शेरा साऱ्या वहीत दुसरा नाही.

बोरीबंदरास गेलो तेव्हा घड्याळाचा विषय निघाला. ज्या ठिकाणाहून १६ एप्रिल १८५३ रोजी तीन इंजिने जोडलेली गाडी ठाण्यास निघाली, ज्याचे पुढे व्हिक्टोरिया राणीच्या नावे टर्मिनस झाले व १९९६ पासून ज्यास छत्रपतींचे नाव आहे, त्या इमारतीच्या दर्शनी घड्याळाखालील कोनाडा राणीचा पुतळा हलविल्यापासून रिकामा आहे. टॅक्सीवाले मात्र अजूनही रिकाम्या कोनाड्याचाच पत्ता देतात आणि ‘व्हीटी’ म्हणतात. परंतु मामांना राणीपेक्षा घड्याळात रस होता. १९०६ साली सरकारने साऱ्या हिंदुस्थानास एकच प्रमाणवेळ लावून दिली, तेव्हा मुंबईच्या नगरपालिकेने ती साफ नाकारून आपली ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ चालू ठेवली, ती थेट १९५५ पर्यंत; सबब जवळजवळ अर्धे शतक या शहरात आगगाडी एका वेळेवर सुटे आणि नळकोंडाळ्याची तक्रार दुसऱ्या वेळेवर नोंदली जाई. हे ऐकून मामांनी तेथल्या तेथे आपले मनगटी घड्याळ ३९ मिनिटे मागे लावले, आणि त्या दिवसापासून कोठेही उशीर झाला की ‘आपण नगरपालिकेच्या वेळेवर आहोत’ असे ते शांतपणे सांगू लागले. मीही दुसऱ्या दिवशी माझ्या कचेरीत ही सबब पुढे करून पाहिली. ती मंजूर झाली नाही.

पाट्या बदलण्याच्या आपल्या सार्वजनिक हौसेविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर क्रॉफर्ड यांच्या नावाची मंडई महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची झाली ती उचितच झाली. परंतु ज्या पुरुषाने ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्याचे नाव दारावर लावल्यानंतर आतल्या भाजीच्या भावातले शेतकऱ्याच्या हाती किती पडते हा प्रश्न पाटीबरोबर बदलला नाही, आणि घाऊक व्यापारही पुढे खाडीपलीकडे वाशीस निघून गेला. लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. याचा दोष लोकांच्या गुलामगिरीस देण्याची एक सोयीस्कर रीत आहे. मला ती मान्य नाही, कारण हेच लोक फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक म्हणतात आणि त्यासाठी त्यांना कोणी ठराव वाचून दाखवावा लागत नाही. तेथे २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळ्या कोणी झेलल्या हे त्यांस ठाऊक आहे. मामांनी त्या चौकात वही उघडली नाही. पायातल्या वहाणा काढल्या आणि थोडा वेळ उभे राहिले.

काळ्या घोड्याचे प्रकरण त्या मानाने सोपे. युवराज असताना हिंदुस्थानात येऊन गेलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली सॅसून घराण्याच्या देणगीतून तेथे बसला. मुंबईकरांनी त्याकडे नीट निरखून पाहिले, वरचा स्वार वजा केला आणि बाकी राहिलेल्या जनावराची नोंद केली. १९६५ साली पुतळा हलविला गेला. तरी घोडा नसलेल्या त्या चौकाचे नाव काळा घोडा हेच राहिले. आणि २०१७ साली तेथे नवा घोडा उभा राहिला तो मुळातच बिनस्वाराचा. रयतेने तोंडी दिलेला निकाल इतक्या वर्षांनी का होईना, पण जागेवर कायम झाला. “मग जुना घोडा गेला कोठे?” मामांनी विचारले. राणीबागेत, मी म्हणालो.

राणीबागेत जाऊन मात्र आमच्या हजेरीपटाचा रंगच पालटला. भायखळ्याच्या या बागेत, जिचे दप्तरी नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे व जिला तमाम मुलेबाळे राणीबागच म्हणतात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो मूळचा घोडा आपल्या राजपुत्रासह उभा आहे. जवळच दगडी हत्ती आहे. हा तोच हत्ती, ज्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीस एलेफंटा म्हटले. १८१४ साली तो बेटावर कोसळला, १८६४ साली त्याचे तुकडे येथे आणले गेले व पुढे जोडून उभे केले. तेव्हा लाँचचे तिकीट काढून एलेफंटास जाणाऱ्याने हत्ती मागू नये. आणि पलीकडे संगमरवरी व्हिक्टोरिया राणी, जिच्या पुतळ्यास १८९६ साली दामोदर चापेकरांनी डांबर फासले होते, ती आता ऊनपावसात बसलेली. परगावच्या कचेरीत बदली झालेली माणसे अचानक एकत्र भेटावीत तसे मामा हरखून गेले आणि एकेकाच्या नावापुढे भराभर ‘हजर, बदलीच्या जागी’ असे लिहीत सुटले.

शंभर पावलांवर पेंग्विनांसाठी रांग लागली होती. ते २०१६ साली आले. त्यांना थंड हवेची स्वतंत्र खोली आहे. राणीपुढे आम्ही दोघेच होतो.

गावी परतताना मामा वही आमच्याकडेच ठेवून गेले. चर्चगेटच्या गेटाचा रकाना अद्याप कोरा आहे. ज्या वाचकांस उरलेली हजेरी स्वतः घ्यावयाची असेल त्यांनी ती खुशाल न्यावी, मात्र राणीबागेस बुधवारी जाऊ नये. पहिल्या खेपेस आम्ही बुधवारीच गेलो होतो, आणि त्या दिवशी बाग बंद असते.