आयोवाचे आम्ही रहिवासी

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर इब्लूरहून दोड्डकन्नेल्लीला गाडी पोचेपर्यंत आमचे मराठी आयटी-बंधू गप्पांत अमेरिकेतलं आयोवा, न्यू हॅम्पशायर करून परत येतात. रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत 15 जानेवारी 2024 ला आयोवात ट्रम्प जिंकले, 23 ला न्यू हॅम्पशायरमध्ये निकी हेली हरल्या, सगळं तोंडपाठ. 2020 मध्ये आयोवात डेमोक्रॅटांचं निकाल कळवणारं अ‍ॅप गडबडलं, त्याचं दुःख तर घरचंच. ‘टेस्टिंग कच्चं राहिलं हो!’

परवा एकाला सहज विचारलं, “आपला नगरसेवक कोण?” गडी गप्प. त्याचं तरी काय चुकलं? बेंगळुरू महापालिकेची निवडणूक झाली 2015 मध्ये. नगरसेवकांची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली, पुढे पाच वर्षं प्रशासकाचं राज्य. मग 2025 मध्ये एका महापालिकेच्या पाच केल्या. तिकडे उमेदवार ठरवायलाही निवडणूक, इकडे निवडणुकीलाच उमेदवारी मिळेना.

बरं, झालेल्या निवडणुकीचं काय? लोकसभेचं मतदान 26 एप्रिल 2024 ला होतं, शुक्रवारी. जोडून शनिवार-रविवार! बेंगळुरू मध्य मतदारसंघात शंभरातले चाळीसहून अधिक मतदार केंद्राकडे फिरकलेच नाहीत. आयोवाचं मत मात्र प्रत्येकाकडे तयार होतं.